उलटा प्रायमर आणि कडू कागद

माझी मावसबहीण यंदा बीएस्सीला बायोटेक घेतेय, तिने परवा फोनवर विचारलं, "ताई, मॉलिक्युलर बायोलॉजी अवघड असतं का गं?" आणि मी पटकन "छे, मजा येते" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर वाटलं की हे अर्धं खोटं होतं. मजा येते हे खरं, पण मला ती यायला तीन वर्षांच्या वर लागली आणि त्या वर्षांत मी एकच चूक तीन वेगवेगळ्या ठिकाणी केली. म्हणून तिच्यासाठी नीट लिहिते.

आधी माझं बॅकग्राउंड. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातलं जुनं घर, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. बारावीपर्यंत मी गुजराती मीडियममध्ये, त्यामुळे माझ्यासाठी जीन म्हणजे 'जनीन' आणि क्रोमोझोम म्हणजे 'रंगसूत्र'. बाबांच्या कपाटात जुनी मराठी विज्ञान मासिकं आहेत, त्यात त्याच गोष्टींना 'जनुक' आणि 'गुणसूत्र'. आणि कॉलेजात सगळंच इंग्रजी. पहिले दोन महिने मॅम बोलायच्या ते मी डोक्यात गुजरातीत करायचे आणि घरी येऊन आजीला मराठीत सांगायचे. तसं बघितलं तर मला रंगसूत्रच जास्त आवडतं, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच रंगीत वस्तू असा आहे, स्लाइडवर रंग टाकला की ते पटकन पकडतात म्हणून ते नाव पडलं. मराठीने रंग काढून गुण घातला. असो.

पहिलं सेमिस्टर बहुतेक हिस्टरी होतं आणि ते मला फार आवडलं, कारण गोष्टी होत्या. १९२८ मध्ये ग्रिफिथने मेलेले खतरनाक बॅक्टेरिया आणि जिवंत निरुपद्रवी बॅक्टेरिया एकत्र करून उंदरांना टोचले आणि उंदीर मेले, म्हणजे मेलेल्यांमधून काहीतरी जिवंतांमध्ये गेलं. ते काहीतरी डीएनए आहे हे ॲव्हरी आणि त्याच्या दोन जोडीदारांनी १९४४ मध्ये दाखवलं, आणि तरी लोकांना पटेना, कारण ए-टी-जी-सी अशा चारच अक्षरांचा कंटाळवाणा रेणू एवढं मोठं काम करेल असं कोणाला वाटत नव्हतं, सगळ्यांचा भरवसा प्रोटीनवर. मग १९५२ मध्ये हर्शी आणि चेस यांनी व्हायरस आणि बॅक्टेरिया चक्क किचनमधल्या मिक्सरसारख्या ब्लेंडरमध्ये फिरवून वेगळे केले आणि बघितलं की आत डीएनए गेलाय, प्रोटीन बाहेर राहिलंय. हे मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच मिक्सरात मग चटणी नाही ना केली?"

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, वॉटसन आणि क्रिकचं दुहेरी वळणाचं मॉडेल आलं, ज्याच्या मागे रोझालिंड फ्रँकलिनच्या लॅबमधला एक्स-रे फोटो होता. इथपर्यंत सगळं छान. आणि इथेच नोट्समध्ये एक ओळ होती, 'दोन्ही स्ट्रँड अँटीपॅरलल असतात'. मी ती अंडरलाइन केली, पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क्स मिळवले. अर्थ शून्य कळलेला.

आता कळतो म्हणून सांगते. डीएनएची प्रत्येक साखळी, म्हणजे स्ट्रँड, साखर-फॉस्फेट-साखर-फॉस्फेट अशी जोडलेली असते, आणि साखरेच्या कार्बनना नंबर असतात. फॉस्फेट लटकतो ५ नंबरच्या कार्बनला आणि पुढची कडी अडकते ३ नंबरच्या कार्बनला. म्हणजे रेल्वेच्या डब्याला एकीकडे हूक आणि दुसरीकडे कडी असल्यासारखं, त्यामुळे अख्ख्या गाडीला तोंड आणि शेपूट येतं. तोंडाला म्हणायचं ५ प्राइम, शेपटीला ३ प्राइम. समोरासमोरच्या दोन साखळ्यांची तोंडं विरुद्ध बाजूंना. आपल्याकडे नवरात्रात दांडिया रास खेळताना दोन गोल असतात ना, एक आत एक बाहेर, आतला एकीकडे सरकतो आणि बाहेरचा दुसरीकडे, पण प्रत्येक ठोक्याला समोर कोणीतरी असतंच. तसंच. मी सातवीपासून ते खेळतेय, आणि माझ्या डोक्यात हा संबंध लागायला एमएस्सी उजाडावं लागलं.

तर ही दिशा. मॉलिक्युलर बायोलॉजीत सगळं त्या दिशेवर चालतं आणि मला ती फक्त एक पाठ करायची ओळ वाटत होती.

पहिला फटका बसला सेकंड इयरच्या परीक्षेत. प्रश्न सोपा, डीएनएची एक स्ट्रँड दिलेली, तिच्यावरून एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवण्यासाठी काढलेली तिची आरएनए नक्कल, लिहा आणि त्यावरून अमिनो ॲसिड्स, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, लिहा. कोडॉनचा, म्हणजे कुठल्या तीन अक्षरांना कुठला मणी याचा, तक्ता शेजारी छापलेला, म्हणजे पाठांतराचीही गरज नाही. तो तक्ता मुळात कसा बनला हे मला माहीत होतं, १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मथाईने नुसता यू-यू-यू-यू असा आरएनए टाकून बघितला तर नुसत्या फिनाइलॲलनिनची माळ तयार झाली, आणि मग खोराना वगैरेंनी उरलेले कोडॉन सोडवत नेले, ६४ कोडॉन, २० अमिनो ॲसिड्स, तीन स्टॉप. आपले हरगोविंद खोराना, १९६८ चं नोबेल. हे सगळं मी उत्तरात न विचारता लिहिलं सुद्धा! पण मूळ गणित चुकलं. दिलेली स्ट्रँड टेम्प्लेट होती, म्हणजे जिच्या अक्षरांच्या जोड्या लिहायच्या ती, तिच्या डावीकडे बारीक अक्षरात ३ प्राइम लिहिलेलं होतं, आणि मी ती अक्षरं जशीच्या तशी घेऊन टीच्या जागी यू (आरएनएत टीऐवजी यू असतो) घालून मोकळी झाले. टी-ए-सीचा व्हायला हवा होता ए-यू-जी, म्हणजे स्टार्ट, मेथिओनिन. माझ्या पेपरात झाला यू-ए-सी, टायरोसिन, आणि तिथून पुढे जे प्रोटीन बनलं ते या पृथ्वीवर कोणाच्याच पोटात नसेल. दहापैकी दोन. ते दोन बहुतेक खोरानांचे.

मी रडले वगैरे नाही पण फतेगंजला टपरीवर बसून मैत्रिणीला म्हटलं की मला हे झेपत नाही, मी बीएड करते. ती गुजराती, आमच्या बॅचमधली सगळ्यात शांत मुलगी, तिने चहा संपवला आणि मला वेंकी रामकृष्णनची गोष्ट सांगितली. म्हणजे नाव मला माहीत होतं, बडोद्यात कोणाला माहीत नाही, तीन वर्षांचे असताना ते इथे आले, वडील इथल्या युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीचे हेड, स्वतः १९७१ मध्ये इथूनच बीएस्सी झाले. पण फिजिक्समध्ये! हे मला माहीत नव्हतं. अमेरिकेत पीएचडी पण फिजिक्समध्येच केली, आणि मग वाटलं की आपल्याला बायोलॉजी करायचीय, तर पीएचडी झालेला माणूस पुन्हा बायोलॉजीचा स्टुडंट म्हणून क्लासमध्ये जाऊन बसला. पुढे रायबोसोमची, म्हणजे एमआरएनए वाचून प्रोटीन विणणाऱ्या त्या मशीनची, रचना शोधली आणि २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर मिळालं. मैत्रीण म्हणाली, बघ, पीएचडीनंतर कोरी पाटी घेऊन बसले ते, तुझं तर अजून सेकंड इयर आहे. बीएड कॅन्सल.

थर्ड इयरला रेप्लिकेशन, म्हणजे डीएनएची कॉपी होणं, आलं आणि तिथे लॅगिंग स्ट्रँड नावाचा प्रकार आहे जो सगळ्यांना छळतो. डीएनए पॉलिमरेज, म्हणजे कॉपी करणारं एन्झाइम, तो फक्त ३ प्राइम टोकालाच नवीन अक्षर जोडू शकतो, दुसरीकडून नाही. दोन स्ट्रँड तर विरुद्ध दिशांना. मग डीएनए झिपसारखं उघडत जातं तसं एका बाजूचं काम सलग होतं, आणि दुसऱ्या बाजूला तुकड्या-तुकड्यांत होतं, ते ओकाझाकी फ्रॅगमेंट्स, जपानमधल्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवरा-बायकोने १९६०च्या दशकात दाखवलेले. पुस्तकातली आकृती मी पन्नास वेळा बघितली असेल. कळलं दिवाळीच्या साफसफाईत. बाबा सामान पुढे पुढे सरकवत होते आणि मी मागून फरशी पुसत होते. फरशी पुसताना आपण मागे मागे सरकतो, बरोबर? म्हणजे बाबांनी सोफा सरकवून जागा मोकळी केली की मी त्या सोफ्याला चिकटून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत आधी पुसलेल्या ओल्या भागापर्यंत यायचं, तोपर्यंत बाबांनी सोफा अजून पुढे नेलेला, की मी उठून परत पुढे, परत बादलीत फडका बुडवा, परत मागे. सोफा एकीकडे आणि मी दुसरीकडे! मी फडका हातात धरून ओरडले "ओकाझाकी!" आणि आई आतून म्हणाली "कोण आलंय?" दर वेळी फडका बुडवणं म्हणजे प्रायमर, कॉपी जिथून सुरू होते तो छोटा तुकडा, आणि दोन पट्ट्यांमधला कोरडा राहिलेला धागाभर जो जोड आई नंतर येऊन पुसते ते लायगेज, तुकडे जोडणारं एन्झाइम. आई वर्षानुवर्षं लायगेजचं काम करतेय आणि तिला कोणी नोबेल दिलेलं नाही.

यानंतर मला वाटलं की आता दिशा कळली. कुठलं काय.

प्रॅक्टिकल्सचं मी भराभर सांगते, कांद्याचा डीएनए काढला, केळ्याचा काढला, पांढरा चिकट शेंबडासारखा धागा काडीवर गुंडाळून फोटो काढले, ते सगळेच करतात. पण पहिलं ॲगारोज जेल सांगण्यासारखं आहे. जेल म्हणजे ट्रेमध्ये ओतलेली, बिनचवीची चायना ग्रासची वडीच, एका टोकाला कंगव्याने खाचा पाडलेल्या, त्या खाचांत निळा डाय मिसळलेलं डीएनए पिपेटने सोडायचं. हात थरथरतो, टिप खाचेच्या तळाला भोसकली तर सॅम्पल खाली निघून जातं, वर राहिली तर बफरमध्ये, म्हणजे वरच्या खारट पाण्यात, धुरासारखं उडतं. मी श्वास रोखून आठ खाचा भरल्या, आठही छान. झाकण लावलं, वायरी जोडल्या, करंट चालू. बारीक बुडबुडे यायला लागले म्हणजे करंट वाहतोय, मी एकदम खूश, आणि वही लिहायला बसले.

डीएनएवर फॉस्फेटमुळे निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे ते पॉझिटिव्हकडे, म्हणजे लाल वायरीकडे पळतं, छोटे तुकडे पुढे, मोठे मागे. खाचा काळ्या बाजूला ठेवायच्या. मी वायरी उलट लावल्या होत्या. वीस मिनिटांनी बघते तर निळा डाय जेलभर पसरायच्या ऐवजी मागच्या मागे ट्रेच्या बाहेर, बफरमध्ये फिकट निळा ढग. दोन दिवसांचं एक्स्ट्रॅक्शन पाण्यात. लॅबमधले काका, जे तीस वर्षं तिथे आहेत आणि ज्यांना कुठलीही डिग्री नसताना सगळं येतं, ते येऊन बघून म्हणाले, "बेटा, काळं ते लाल. खाचा काळ्यापाशी. दर वर्षी एक जण करतो, या वर्षी तू." तेव्हापासून मी बटण दाबण्याआधी बोटाने काळं-लाल, काळं-लाल असं दोनदा दाखवते, आणि अजूनही करते, लोक हसतात.

आणि आता मुख्य गोष्ट, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचा छोटा प्रोजेक्ट.

पीटीसी नावाचं एक रसायन आहे. १९३१ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत आर्थर फॉक्स नावाचा केमिस्ट त्याची पावडर भरत होता, थोडी उडाली, शेजारचा सहकारी म्हणाला, ई, काय कडू आहे, आणि फॉक्सला काहीच चव नाही. दोघांनी चाखून बघितलं, खरंच एकाला कडू, एकाला माती. लगेच लक्षात आलं की हे घराण्यात चालतं, आणि कितीतरी वर्षं ते मेंडेलच्या वाटाण्यांसारखं माणसातलं सोपं उदाहरण म्हणून शिकवलं जातं. खरा जीन सापडला २००३ मध्ये, सातव्या क्रोमोझोमवर, टास-टू-आर-थर्टीएट असं त्याचं नाव, जिभेवरच्या कडू चवीच्या एका रिसेप्टरचा, म्हणजे चव पकडणाऱ्या प्रोटीनचा. त्यातल्या काही अक्षरांच्या फरकावर सगळा खेळ, आम्हाला बघायचं होतं ते एकच ठिकाण, जिथे सी असेल तर ४९ वं अमिनो ॲसिड प्रोलिन होतं आणि जी असेल तर ॲलनिन. प्रोलिनवाल्याला कडू लागतं. एक अक्षर.

प्रोजेक्ट असा की आपल्याच गालाच्या आतल्या पेशी घ्यायच्या, मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरून कपात थुंकायची, त्यातून डीएनए काढायचं, पीसीआर करायचा, म्हणजे दोन टोकांना दोन प्रायमर, फॉरवर्ड आणि रिव्हर्स, लावून मधल्या तुकड्याच्या ढीगभर कॉपी काढायच्या, मग हे-थ्री नावाच्या कात्रीने, म्हणजे रेस्ट्रिक्शन एन्झाइमने, तो तुकडा कापला जातो का बघायचं. ही कात्री जी-जी-सी-सी दिसलं की कापते. आता गंमत म्हणजे त्या जागी मूळ जीनमध्ये जी-जी-सी-सी नाहीच आहे, म्हणून फॉरवर्ड प्रायमरच्या शेपटीजवळ मुद्दाम एक अक्षर चुकीचं घातलेलं असतं, एच्या जागी जी, म्हणजे ज्याच्याकडे सी आहे त्याच्या कॉपीत जी-जी-सी-सी तयार होतं आणि ज्याच्याकडे जी आहे त्याच्यात होत नाही. २२१ अक्षरांचा तुकडा, कडूवाल्याचा कापून १७७ आणि ४४ होतो, दुसऱ्याचा अखंड राहतो. हे ज्याने कोणी डोकं लावून केलं असेल त्याला दंडवत. जाणूनबुजून केलेली चूक काय काम करून जाते बघा.

फॉरवर्ड प्रायमर मॅमनी दिला. रिव्हर्स म्हणाल्या, तुम्ही डिझाइन करा, शिकाल.

मी डेटाबेसमधून जीनचा सिक्वेन्स काढला, तुकडा जिथे संपायला हवा तिथली २४ अक्षरं सिलेक्ट केली, जी-ए-टी-जी-ए-टी-टी-जी-सी अशी सुरुवात, जीसी पर्सेंट बघितलं, मेल्टिंग टेम्परेचर बघितलं, सगळं टापटीप, आणि ऑर्डरच्या फॉर्ममध्ये पेस्ट केलं. चार-पाच दिवसांनी छोटीशी ट्यूब आली, तळाशी दिसेल न दिसेल एवढी पांढरी पावडर, वर माझ्या नावाची चिठ्ठी. मी तिचाही फोटो काढला.

पहिला पीसीआर. जेल. यूव्हीखाली लॅडरच्या, म्हणजे मापासाठी घातलेल्या डीएनएच्या, पट्ट्या नारिंगी चमकतायत, शिडीसारख्या, आणि माझ्या लेन काळ्याकुट्ट. तळाशी प्रायमरचा धुरकट ठिपका फक्त. ठीक आहे, पहिल्यांदा होत नाही म्हणतात. दुसऱ्यांदा ॲनीलिंग टेम्परेचर, म्हणजे प्रायमर चिकटायचं तापमान, ५८ वरून ५५ केलं, काळं. तिसऱ्यांदा ५२, काळं. मॅग्नेशियम वाढवलं. डीएनए खराब असेल म्हणून परत चूळ भरली, परत काढलं. एन्झाइम खराब असेल म्हणून शेजारच्या ग्रुपकडून उसनं घेतलं, त्यांचं चाललेलं होतं. टॅक पॉलिमरेज मुळात यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियाचा, उकळायला टाकलं तरी न मरणारा, तो बिचारा माझ्या हातात येऊन मेला असं वाटायला लागलं. तीन आठवडे. घरी आजी रोज विचारायची, "आज दिसलं का?" आणि मी म्हणायचे, "उद्या दिसेल."

मॅमनी एकदाच विचारलं, "प्रायमर चेक केलास?" मी म्हटलं, "हो मॅम, अक्षर न अक्षर मॅच होतंय." त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा. परत कर." आज कळतंय की त्यांना तेव्हाच कळलं होतं! राग येतो कधी कधी, सांगायचं ना. पण सांगितलं असतं तर आज हे लिहायला काही नसतं हेही आहे.

शेवटी एका शनिवारी आम्ही सेव-उसळ खायला गेलो होतो, तीच शांत मैत्रीण आणि मी, आणि मी टिश्यू पेपरवर तिला दाखवत होते की बघ, हा फॉरवर्ड, हा रिव्हर्स, दोन्ही परफेक्ट बसतायत. दोन रेघा काढल्या, वरची आणि खालची स्ट्रँड. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि विचारलं, बाण काढ, कुठला कुठल्या दिशेने वाढणार? मी फॉरवर्डचा बाण काढला, उजवीकडे. रिव्हर्सचा बाण काढायला गेले आणि हात थांबला. तोही उजवीकडे. तिने तोंडात पाव असतानाच म्हटलं, "अरे, आ प्रायमर तो ऊंधो छे." उलटा!

दोन्ही प्रायमर एकाच बाजूला तोंड करून उभे! रिव्हर्स प्रायमर खालच्या स्ट्रँडचा असतो, म्हणजे सिक्वेन्स उलटीकडून वाचायचा आणि प्रत्येक अक्षराची जोडी घ्यायची, एचा टी, जीचा सी. माझा जी-ए-टी-जी-ए-टी-टी-जी-सी तिथे हवा होता जी-सी-ए-ए-टी-सी-ए-टी-सी. मॅच तर तो होत होताच, अक्षर न अक्षर, पण चुकीच्या स्ट्रँडशी. दोन प्रायमर एकमेकांकडे तोंड करून असले की दर सायकलला, म्हणजे गरम-गार करण्याच्या दर फेरीला, कॉपी दुप्पट होतात, ३५ सायकल्सना कागदावर तरी एकाच्या ३,४०० कोटींच्या वर. दोघं एकाच दिशेला असले की सायकलमागे एखाददुसरी, म्हणजे शंभराच्या आतच. त्या शंभराला कुठलं जेल दाखवणार? मी तीन आठवडे टेम्परेचर बदलत होते. तर्री गार झाली, सेव भिजून लगदा, आणि मी त्या टिश्यूकडे बघत बसले. तो टिश्यू अजून माझ्या लॅब नोटबुकात चिकटवलेला आहे, कोपऱ्यात तेलाचा डाग.

नवीन प्रायमर आला. पीसीआर लावला, त्यात हे-थ्री घालून ठेवलं, तीन टक्क्यांचं जाड जेल ओतलं, काळं-लाल दोनदा बोटाने दाखवलं, आणि यूव्ही लावला तर माझ्या लेनमध्ये दोन पट्ट्या. एक २२१ वर, एक १७७ वर. ४४ वाली इतकी छोटी की धुरकट, आहे म्हटलं तर आहे. दोन पट्ट्या म्हणजे आई-बाबांकडून आलेल्या या जीनच्या माझ्या दोन कॉपींपैकी एक कडूवाली आणि एक बिनचवीची. काका मागून डोकावून म्हणाले, "आलं का? चला, आता ग्लव्हज काढून मग फोनला हात लाव." (इथिडियम ब्रोमाइड, जेलमधलं डीएनए चमकवणारं रसायन, डीएनएमध्ये घुसून बसतं, कुठेही हात लावायचा नाही.)

मॅमनी डीएनए फक्त स्वतःचंच, घरच्या कोणाचं आणायचं नाही, असं बजावलेलं होतं आणि ते बरोबरच आहे, नात्यांत नको ते निघायचं कधी. पण चवीच्या पट्ट्या चार-पाच जास्त होत्या, कागदावर अगदी नावापुरतं पीटीसी असलेल्या, त्या घरी न्यायला परवानगी दिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आजी कारली चिरत बसली होती. मी म्हटलं, "आजी, हा कागद जरा जिभेवर ठेव." "कसला गं? होमिओपॅथीचा?" ठेवला आणि दोन सेकंदांत तोंड वाकडं, "अगं बाई, जहर कडू आहे हे!" आईने ठेवला आणि सरळ सिंकपाशी गेली. मला मध्यम, कडू आहे पण सोसण्यासारखं. बाबा ऑफिसातून आले, चपला काढता काढता त्यांच्या जिभेवर ठेवला, ते चघळत म्हणाले, "कागद लागतोय. वहीचा." आजीने त्यांच्याकडे असं बघितलं की जसं काही हा मुलगा तिचा नाहीच!

मग मी वर्तमानपत्राच्या कडेला, कोणाची कॉपी कोणाकडे गेली ते बघायचे चौकोन काढले. बाबांना काहीच लागत नाही म्हणजे बहुतेक त्यांच्या दोन्ही कॉपी बिनचवीच्या, त्यातली एक आजीकडून आली आणि एक आजोबांकडून. आजीला कडू लागतं म्हणजे तिची दुसरी कॉपी कडूवाली. माझी बिनचवीची बाबांची, कडूवाली आईची. आणि आजोबांकडे निदान एक बिनचवीची होतीच. आजोबा माझ्या जन्माआधी गेले, मी त्यांना फक्त देवघराशेजारच्या फोटोत बघितलंय, आणि आता त्यांच्या सातव्या क्रोमोझोमवरचं एक अक्षर मला माहीत झालं होतं.

आजी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणूनच ते कारल्याची भाजी दोनदा वाढून घ्यायचे. त्यांना कडू लागतच नसणार."

मला खूप वाटलं हो म्हणावं. पण कारल्याचा कडूपणा वेगळ्या रसायनांचा, आणि माणसाला कडूचे रिसेप्टर साधारण २५ आहेत, हा जीन पीटीसीचा आणि काही प्रमाणात कोबी-मोहरीच्या खानदानाचा, कारल्याशी त्याचा संबंध लावता येत नाही. शिवाय पुरावा घरातच होता, बाबांना कागद लागत नाही पण कारल्याला ते हातही लावत नाहीत. हे सगळं सांगितलं तर आजी म्हणाली, "तुझं शास्त्र म्हणजे आधी सगळं सांगायचं आणि मग तसं नाही म्हणायचं," आणि कढई गॅसवर ठेवली.

उरलेली एक पट्टी तिने पंचांगात ठेवून दिलीय. गणपतीला आत्या येईल तेव्हा तिच्या जिभेवर ठेवायची, म्हणजे आजोबांचं नक्की काय ते कळेल म्हणते. मी मनात चौकोन काढून बघितला. आत्याला कडू लागलं तरी ते आजीकडूनच आलेलं असू शकतं, आणि नाही लागलं तर जे माहीत होतं तेच परत. आजोबांची दुसरी कॉपी आत्यावरून काही कळणार नाही. पण हे मी आजीला सांगितलेलं नाही.